ज्येष्ठ पंचांचे गुणपत्रक

इंदूरच्या चिमणबाग मैदानावर आणि शहरातल्या शाळा-महाविद्यालयांच्या पटांगणांवर मी सव्वीस वर्षे सॉफ्टबॉलची पंच म्हणून उभी राहिले आहे, आणि त्यांतली बरीच वर्षे होम प्लेटच्या, म्हणजे बॅटरजवळच्या जमिनीतल्या पांढऱ्या पाटीच्या, मागे, कॅचरच्या (बॅटरमागे चेंडू झेलणाऱ्या खेळाडूच्या) खांद्यावरून वाकून, येणारा चेंडू ‘स्ट्राइक’ (ठरलेल्या चौकटीतून गेलेला) की ‘बॉल’ (चौकटीबाहेरचा) हे सांगण्यात गेली आहेत. मी शाळेत क्रीडाशिक्षिका होते. पंचगिरी हे माझ्या पोटापाण्याचे साधन कधीच नव्हते. तरीही ज्यांचा तो पूर्णवेळ व्यवसाय आहे, त्या अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलच्या पंचांबद्दल जे लिहिले आणि बोलले जाते ते मी गेली पंधरा वर्षे आवर्जून वाचत आले आहे, कारण सॉफ्टबॉल हे बेसबॉलचेच भावंड आहे आणि प्लेटमागे उभ्या राहणाऱ्या माणसाची अडचण दोन्हीकडे सारखीच आहे. वीस-पंचवीस वर्षे काम केलेल्या पंचाचे मूल्यमापन कशाने करावे, आणि ते त्याच्याखेरीज आणखी कोणाला दिसावे, हा प्रश्न मला स्वतःपुरताही सोडवावा लागला, म्हणून हे लिहिते आहे.

क्रिकेटमध्ये वाइड आणि नो-बॉल सोडले तर बहुतेक चेंडूंवर पंचाला काही ठरवावे लागत नाही. बेसबॉलमध्ये बॅटरने सोडून दिलेल्या प्रत्येक चेंडूवर प्लेटच्या पंचाला निर्णय द्यावाच लागतो, आणि एका सामन्यात असे निर्णय दीडशेच्या घरात जातात. ज्या चौकटीतून चेंडू गेला तर स्ट्राइक धरायचा, ती चौकट मैदानात कुठेही आखलेली नसते. तिची रुंदी प्लेटइतकी, म्हणजे १७ इंच. उंची मात्र समोर उभ्या असलेल्या बॅटरच्या अंगावर, गुडघ्याच्या वाटीखालच्या खोबणीपासून खांदा आणि कंबर यांच्या मध्यापर्यंत, मनातल्या मनात मोजायची. ताशी ९५ मैल वेगाचा चेंडू पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, हातून सुटल्यावर अर्ध्या सेकंदाच्या आत प्लेटवर येतो. पंच बॅटर आणि कॅचर यांच्या मधल्या फटीतून पाहत असतो, त्यामुळे बॅटरच्या बाजूचा कोपरा त्याच्या डोळ्यांजवळ येतो आणि बाहेरचा, विशेषतः खालचा कोपरा लांब जातो. त्यात हुशार कॅचर चेंडू झेलता झेलता हातमोजा अलगद आत ओढतो आणि बाहेरून गेलेला चेंडू आत आल्यासारखा भासतो. हे सारे मी अनुभवलेले आहे, आणि म्हणून पंचाला सरसकट आंधळा ठरवणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसत नाही.

पण सहानुभूती आणि हिशेब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बेसबॉलमध्ये हिशेबाची साधने बऱ्याच काळापासून उपलब्ध आहेत. २००१ साली काही मैदानांवर क्वेस्टेक नावाची कॅमेऱ्यांची यंत्रणा पंचांच्या निर्णयांची पडताळणी करण्यासाठी बसवली गेली, तेव्हा पंचांच्या संघटनेने तिच्या अचूकतेवर आक्षेप घेऊन रीतसर तक्रार केली; पिचरांनाही ती नकोशी झाली होती आणि २००३ मध्ये कर्ट शिलिंग या नामांकित पिचरने तिचा एक कॅमेराच फोडला. पुढे २००९ पासून सर्व मैदानांवर प्रत्येक चेंडूचा मार्ग मोजून पंचाला गुण देण्याची पद्धत सुरू झाली, आणि २०२० पासून हॉक-आय ही कॅमेऱ्यांची यंत्रणा हे काम करते आहे. याचा अर्थ असा, की मेजर लीगच्या प्रत्येक पंचाचे गुणपत्रक कित्येक वर्षांपासून तयार होत आले आहे, आणि ते लीगपाशी आणि त्या पंचापाशी बंद राहत आले आहे. प्रेक्षकांसमोर जे येते ते बाहेरच्या लोकांनी त्याच चेंडूंच्या खुल्या नोंदींवरून केलेले गणित असते.

अशा बाहेरच्या गणितांपैकी एकाने मला फार अस्वस्थ केले. २०१९ साली बोस्टन विद्यापीठातील एका अध्यापकांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या मदतीने २००८ ते २०१८ या अकरा हंगामांतील सुमारे ४० लाख चेंडूंची छाननी प्रसिद्ध केली. एकट्या २०१८ च्या हंगामात बॉल-स्ट्राइकचे ३४,२९४ निर्णय चुकले होते, म्हणजे दर सामन्यामागे सरासरी १४. हे मला फारसे धक्कादायक वाटले नाही. धक्का बसला तो पुढच्या आकड्यांनी. सर्वांत अचूक ठरलेल्या दहा पंचांचा सरासरी अनुभव होता २.७ वर्षे आणि सरासरी वय ३३. सर्वांत कमी अचूक ठरलेल्या दहांचा अनुभव होता २०.६ वर्षे आणि वय ५६. त्या लेखातच असेही होते, की बॅटरवर दोन स्ट्राइक झालेले असताना बाहेरून गेलेल्या चेंडूला स्ट्राइक ठरवण्याची चूक बरीच वाढते. मी तेव्हा त्रेपन्न वर्षांची होते, माझ्या शहरातल्या सॉफ्टबॉल पंचांत सर्वांत ज्येष्ठ समजली जात होते, आणि अनुभवाने नजर तयार होते हे वाक्य दर उन्हाळी शिबिरात नव्या मुलींना सांगत होते.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात एक आंतरशालेय अंतिम सामना झाला. शेवटचा डाव, दोन्ही संघांची बरोबरी, दोन बाद, तिसऱ्या बेसवर, म्हणजे होम प्लेटच्या आधीच्या शेवटच्या टप्प्यावर, धावपटू, आणि बॅटरवर तीन बॉल, दोन स्ट्राइक; आणखी एक स्ट्राइक झाला की ती बाद. चेंडू खाली आणि बाहेर पडला. कॅचरने तो झेलला तो आवाज टणक आणि स्वच्छ होता. आणि स्ट्राइक देणारा माझा उजवा हात विचार पूर्ण होण्याआधीच वर गेला. बॅटर नववीतली मुलगी होती. तिने माझ्याकडे वळून पाहिले, “टीचर, बाहेर होता,” इतकेच हळू आवाजात म्हणाली, बॅट जमिनीवर आडवी ठेवली आणि हेल्मेटचा पट्टा सोडवत निघून गेली. जादा डावात तिचा संघ हरला. संध्याकाळी एका पालकांनी जाळीमागून घेतलेले चित्रीकरण मला दाखवले. मोबाइलच्या चित्रावरून इंच मोजता येत नाहीत हे मला कळते, पण प्लेटची पांढरी कड आणि चेंडूची सावली यांच्यामध्ये लाल मातीचा इतका रुंद पट्टा दिसत होता, की त्यात वादाला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीच्या शाळेत जाऊन तिच्या सगळ्या संघासमोर तिला सांगितले, की तो चेंडू बॉल होता, चूक माझी होती आणि तिने तो सोडला हे योग्यच केले.

एवढ्यावर ही गोष्ट संपली असती तर मी ती इथे सांगितली नसती. स्पर्धेच्या आयोजकांकडे पंचांच्या निर्णयांची कसलीही नोंद ठेवली जात नव्हती, मी स्वतः जाऊन चूक सांगितली तरी ती कुठल्या वहीत लिहायची हे कोणाला माहीत नव्हते, आणि त्यानंतरची स्पर्धा झाली तेव्हा अंतिम सामन्याची प्लेट पुन्हा मलाच देऊ केली गेली. कारण विचारले तेव्हा उत्तर मिळाले, “मॅडम, तुम्हीच सर्वांत सीनियर आहात.”

हेच उत्तर मला अमेरिकेतील वादांमध्ये वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा दिसते. पंच जो वेस्ट यांनी १९७६ ते २०२१ या काळात मेजर लीगच्या ५,४६० नियमित सामन्यांत काम केले आणि जुने पंच बिल क्लेम यांचा ५,३७५ सामन्यांचा आठ दशके टिकलेला विक्रम २०२१ च्या मे महिन्यात मागे टाकला. इतकी वर्षे प्रवास, उकाडा, शिव्या आणि गुडघ्यांवरचा ताण सोसून उभे राहणे ही सामान्य गोष्ट नाही, आणि त्याबद्दल मला खरोखर आदर आहे. मात्र सामन्यांची संख्या ही चिकाटीची मोजदाद आहे. बाहेरचा खालचा कोपरा आज किती नीट दिसतो याविषयी ती काहीच सांगत नाही. दीर्घ अनुभवाने ज्या गोष्टी खरोखर येतात त्या वेगळ्या आहेत: नियमांची बारीक जाण, चिडलेल्या मॅनेजरला दोन वाक्यांत शांत करण्याची हातोटी, पावसात सामना कधी थांबवायचा याचा अंदाज. यांचे गुण जरूर द्यावेत, पण ते नजरेच्या रकान्यात भरू नयेत. शिवाय मेजर लीगमध्ये पूर्णवेळ पंचांच्या जागा आहेत ७६, आणि त्यांच्या खाली मायनर लीगमध्ये तुटपुंज्या पगारावर वर्षानुवर्षे वाट पाहणारे तरुण पंच आहेत. एका ज्येष्ठाला केवळ ज्येष्ठतेपोटी राखले, की त्याची किंमत त्या रांगेतला कोणीतरी मोजतो.

पंच एंजेल हर्नांडेझ यांचे प्रकरण या बाबतीत सर्वांत अधिक चघळले गेले, आणि माझ्या मते सर्वांत अधिक चुकीच्या पद्धतीने. ते १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून मेजर लीगमध्ये होते. ८ ऑक्टोबर २०१८ रोजी यांकीज आणि रेड सॉक्स यांच्या बाद फेरीच्या सामन्यात पहिल्या बेसवर असताना त्यांच्या चार निर्णयांना आव्हान दिले गेले आणि त्यांपैकी तीन चित्रफीत पाहून बदलावे लागले. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी लीगवर खटला भरला होता. क्यूबात जन्मलेल्या आपल्याला पंचपथकाचे प्रमुखपद आणि वर्ल्ड सिरीजचे, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेचे, सामने वंशभेदामुळे नाकारले जातात, असा त्यांचा दावा होता. २०२१ मध्ये निकाल लीगच्या बाजूने लागला, २०२३ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला आणि मे २०२४ मध्ये ते निवृत्त झाले. या साऱ्या काळात लोकांच्या हाती पुरावा म्हणून काय होते? तर त्यांच्या सर्वांत वाईट चेंडूंच्या काही सेकंदांच्या फिती. त्यांचे गुण इतर पंचांच्या तुलनेत दर हंगामात नेमके कुठे होते हे उघडपणे मांडले गेले असते, तर ते खरोखर मागे असतील तेव्हा लीगला पदोन्नती नाकारण्याचे कारण चारचौघांत सांगता आले असते, आणि इतरांइतकेच असतील तेव्हा टिंगलीला उत्तर मिळाले असते. गुणपत्रक लपवल्याने त्या माणसाचे संरक्षण झाले नाही. ज्याची चूक टीव्हीवर गाजली तो बदनाम होतो आणि ज्याची गाजली नाही तो सुटतो, ही उत्तरदायित्वाची पद्धत होऊ शकत नाही.

पंच जिम जॉइस यांच्याकडे मी वळते ते वेगळ्या कारणासाठी. २ जून २०१० रोजी डेट्रॉइटमध्ये अर्मांडो गॅलारागा या व्हेनेझुएलाच्या तरुण पिचरने क्लीव्हलँडचे सलग २६ बॅटर बाद केले होते. २७ च्या २७ बाद, एकही बेसवर पोहोचला नाही, याला ‘परफेक्ट गेम’ म्हणतात, आणि १८८० पासूनच्या १३० वर्षांत असे सामने केवळ २० झाले होते. सत्ताविसाव्या बॅटरने, जेसन डोनाल्डने, चेंडू पहिल्या बेसच्या बाजूला जमिनीवरून मारला. गॅलारागाचा सहकारी मिगेल काब्रेरा याने तो उचलून बेसकडे धावणाऱ्या गॅलारागाकडे फेकला. गॅलारागाचा पाय धावपटूच्या स्पष्ट आधी बेसवर पडला, आणि जॉइस यांनी दोन्ही हात पसरून ‘सेफ’, म्हणजे बाद नाही, असे दिले. त्या काळी अशा निर्णयाला चित्रफितीवरून आव्हान देण्याची सोय नव्हती. गॅलारागा नुसता हसला, परत गेला आणि पुढच्या बॅटरला बाद करून त्याने सामना संपवला.

मिशिगनमध्ये राहणाऱ्या माझ्या भाच्याने ती चित्रफीत मला पाठवली होती, सोबत एकच ओळ होती, “मावशी, या पंचाकडे बघ.” तिथूनच माझे हे वाचन सुरू झाले. जॉइस तेव्हा ५४ वर्षांचे होते, दोन दशकांहून अधिक काळ पूर्णवेळ पंच होते, आणि त्याच महिन्यात खेळाडूंमध्ये घेतलेल्या एका पाहणीत लीगमधला सर्वोत्तम पंच म्हणून त्यांचेच नाव पुढे आले. त्यांनी सामन्यानंतर चित्रण पाहिले, आपण त्या मुलाचा परफेक्ट गेम हिरावून घेतला हे पत्रकारांसमोर सरळ कबूल केले आणि गॅलारागाची स्वतः भेट घेऊन माफी मागितली. दुसऱ्या दिवशी प्लेटची पाळी त्यांचीच होती. सुट्टी घेण्याची मुभा असूनही ते आले. सामन्याआधी संघाची यादी पंचाकडे देण्याचे काम एरवी मॅनेजर करतो, ते त्या दिवशी गॅलारागाला दिले गेले. त्याने कागद पुढे केला आणि जॉइस यांनी डोळे पुसत त्याच्या खांद्यावर थाप मारली. लीगचे आयुक्त बड सेलिग यांनी निकाल बदलला नाही, त्यामुळे नोंदवहीत तो सामना आजही परफेक्ट गेम नाही. नववीतल्या त्या मुलीच्या शाळेत जाताना माझ्या मनात याच माणसाची प्रतिमा होती, हे मी प्रांजळपणे नोंदवते. परंतु जॉइस यांची कबुली त्यांच्या स्वभावातून आली. व्यवस्थेने ती मागितली नव्हती. पहिल्या बेसवरचे असे निर्णय मॅनेजरच्या आव्हानावरून तपासण्याची तरतूद व्हायला २०१४ साल उजाडावे लागले.

पंच पॅट होबर्ग यांचे उदाहरण याच्या नेमके दुसऱ्या टोकाला आहे. २०२२ च्या वर्ल्ड सिरीजच्या दुसऱ्या सामन्यात त्यांनी प्लेटमागून दिलेले १२९ पैकी १२९ निर्णय बरोबर ठरल्याची नोंद झाली. नजरेचा विचार केला तर याहून वर काही असू शकत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये लीगने त्यांना कामावरून काढल्याचे जाहीर केले, कारण त्यांनी आपले सट्ट्याचे खाते एका मित्राबरोबर वापरले होते, त्या मित्राने बेसबॉलवर पैसे लावले होते, आणि चौकशीच्या संदर्भातील संदेश होबर्ग यांनी नष्ट केले होते. त्यांनी स्वतः बेसबॉलवर पैसे लावल्याचा किंवा निर्णय फिरवल्याचा पुरावा मिळाला नाही. मला तो निर्णय कठोर पण योग्य वाटतो. अचूकतेचे गुण कितीही असले, तरी वर्तनाचा हिशेब त्यांतून वजा करून मिटवता येत नाही.

मेजर लीगने अलीकडे दोन पावले उचलली, आणि दोन्ही मला महत्त्वाची वाटतात. पंचांच्या संघटनेशी २०२४ च्या अखेरीस झालेल्या करारानंतर गुण देताना चौकटीच्या कडेला मिळणारी सवलत दोन इंचांवरून पाऊण इंचावर आणली गेली. आधी चेंडू कडेपासून दोन इंच बाहेर असला आणि पंचाने स्ट्राइक दिला तरी तो बरोबरच धरला जात असे. त्यामुळे लीगचे गुण आणि प्रेक्षकांना पडद्यावर दिसणारी चूक यांचा मेळ बसत नसे. दुसरे पाऊल म्हणजे २०२६ च्या हंगामासाठी मंजूर झालेली आव्हानपद्धत, म्हणजे पंचाचा बॉल-स्ट्राइकचा निर्णय यंत्राकडून तपासून घेणे: प्रत्येक संघाला दोन आव्हाने, ती फक्त पिचर, कॅचर किंवा बॅटर यांनीच, डोक्यावर हाताने थाप मारून, तिथल्या तिथे करायची, आव्हान खरे ठरले तर ते शिल्लक राहते. चौकटीची वरची कड बॅटरच्या उंचीच्या ५३.५ टक्क्यांवर आणि खालची २७ टक्क्यांवर ठरवली आहे. सारे चेंडू यंत्राकडे सोपवण्याचा मार्ग दक्षिण कोरियाच्या लीगने २०२४ पासून स्वीकारला आहे, पण मला आव्हानाची पद्धत अधिक आवडते, कारण तिच्यात पंच निर्णय देत राहतो आणि त्याची चूक हजारोंच्या समोर, त्याच्याच नावावर, त्याच क्षणी सुधारली जाते.

अशा उघड सुधारणेचा अनुभव इंदूरला नवा नाही. मार्च २०२३ मध्ये होळकर स्टेडियमवर भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी तीन दिवसांत संपली, तेव्हा सामनाधिकारी ख्रिस ब्रॉड यांनी खेळपट्टीला ‘खराब’ शेरा आणि तीन दोषांक दिले. भारतीय मंडळाने अपील केले, चित्रण पुन्हा पाहिले गेले, आणि शेरा ‘सरासरीपेक्षा कमी’ व दोषांक एक असा बदलला. ब्रॉड हेही अनुभवी अधिकारी होते, पण निकाल फिरवताना कोणी त्यांच्या ज्येष्ठतेची आड घेतली नाही. याच शहरातले नितीन मेनन २०२० मध्ये ३६ व्या वर्षी क्रिकेटच्या सर्वोच्च पंचमंडळात गेले, तेव्हा ते तिथले सर्वांत तरुण पंच होते. वडील नरेंद्र मेनन आंतरराष्ट्रीय पंच, आणि मुलगा आपल्या निर्णयांवर रांगेतून वर आलेला, हे आमच्या गावाने जवळून पाहिले आहे.

ज्येष्ठतेपोटी मला देऊ केलेली त्या पुढच्या अंतिम सामन्याची प्लेट मी स्वीकारली नाही. तिसऱ्या बेसपाशी उभी राहिले आणि प्लेट माझ्याहून वीस वर्षांनी लहान असलेल्या एका माजी विद्यार्थिनीला द्यायला लावली. प्लेटवर परत यायचे तर कशाच्या आधारावर, याचा मी पुष्कळ विचार केला. गेल्या हिवाळ्यात मी ज्या मैत्रीपूर्ण सामन्यांत उभी राहिले, त्यांत जाळीमागे बरोबर मध्यावर तिपाईवर मोबाइल लावला आणि महाविद्यालयात शिकणारी एक खेळाडू वही घेऊन बसवली. प्रत्येक सोडलेल्या चेंडूला ती चौकटीच्या आकृतीत ठिपका देते, संध्याकाळी चित्रण पाहून माझ्या चुकीच्या निर्णयांवर लाल काट मारते, आणि त्या पानाची प्रत दोन्ही संघांच्या प्रशिक्षकांकडे माझ्या सहीने जाते. पहिल्याच सामन्यात अकरा काट होते, त्यांतले सात उजव्या हाताने खेळणाऱ्यांच्या बाहेरच्या खालच्या कोपऱ्यात. एका प्रशिक्षकांनी संकोचून विचारले, की हे पान खरोखर माझ्याकडे ठेवू का. मी म्हटले, पुढच्या सामन्याआधी आपल्या पिचरला दाखवा. त्यानंतर मी कॅचरच्या मागे वीतभर मध्याकडे सरकून उभी राहू लागले. त्या कोपऱ्यातले काट तीनवर आले, पण छातीच्या उंचीच्या चेंडूंना आता मी जास्त स्ट्राइक देते असे वही सांभाळणाऱ्या त्या मुलीचे म्हणणे आहे, आणि या रविवारपासून मी गुडघे किती वाकवते याची नोंदही ती वहीच्या समासात करणार आहे.